शिवांश, रमेश आणि गौतमीपुत्र: जोडनावांची कुळकथा

रत्नागिरीतल्या बालवाडीत आज ‘शिवांश’ अशी हाक मारली तर एखादं तरी पोर मान वळवून पाहील. रुद्रांश, वेदांश, देवांश, सियांश, रियांश ही त्याचीच भावंडं. याच मुलांच्या आजोबांच्या पिढीत रमेश, सुरेश, दिवाकर, रत्नाकर होते आणि पणजोबांच्या पिढीत गंगाधर, सखाराम, पांडुरंग. बारशाला जमलेल्या वडीलधाऱ्यांना नवं नाव ऐकून दोन प्रश्न पडतात. याचा अर्थ काय? आणि हे आलं कुठून? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. मुलाला दिलेल्या वस्तूंपैकी आयुष्यभर रोज वापरली जाणारी वस्तू म्हणजे त्याचं नाव.

दोन शब्द जोडून माणसाचं नाव घडवण्याची रीत महाराष्ट्रात दोन हजार वर्षं तरी चालत आली आहे. जोडायचं काय, ते मात्र प्रत्येक पिढी आपापलं ठरवते. त्या निवडीत त्या पिढीला काय प्रिय होतं ते उमटतं.

शिवांशाची उकल

‘शिवांश’मध्ये दोन शब्द आहेत: शिव आणि अंश. पहिल्याच्या शेवटी ‘अ’, दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘अ’. दोन्ही मिळून ‘आ’ झाला. शाळेत शिकलेला हा सवर्णदीर्घ संधी. समासाचा विग्रह ‘शिवाचा अंश’ असा होतो, म्हणून हा षष्ठी तत्पुरुष. अंश म्हणजे भाग, वाटा. ऋग्वेदात आदित्यांच्या नावांत ‘अंश’ हे एक नाव येतं. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीव हा आपलाच सनातन अंश आहे असं श्रीकृष्ण सांगतो. नव्या नावातला दुसरा शब्द असा फार जुना आहे, त्याच्यामागे तत्त्वज्ञानाची मोठी परंपरा उभी आहे.

पहिल्या शब्दाचे तर तीन अर्थ लागतात. शिव म्हणजे शंकर. शिव म्हणजे मंगल. हा अर्थ घेतला तर ‘मंगल असा अंश’ असा विग्रह होतो आणि समास कर्मधारय ठरतो. मराठी घरात तिसरा अर्थही तितक्याच सहज मनात येतो. आपण शिवजयंती, शिवकाल, शिवराय म्हणतो तेव्हा बोलणं महाराजांविषयी असतं. शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून महाराजांचं नाव ठेवलं गेलं अशी परंपरा आहे. त्यामुळे एका घरातला शिवांश शंकराचा, दुसऱ्या घरातला शिवरायांचा. व्याकरण दोन्ही अर्थांना मोकळीक देतं. कुठला घ्यायचा ते आईवडिलांनी ठरवायचं आणि मुलाला सांगायचं.

एका अक्षराने इथे सगळा अर्थ फिरतो. ‘अंश’च्या जागी ‘अंशु’ आला की अर्थ किरण होतो. हिमांशु म्हणजे हिमाचा तुकडा नव्हे. ज्याचे किरण थंड आहेत तो, म्हणजे चंद्र. तो बहुव्रीही समास आहे. ‘श’च्या जागी ‘स’ लिहिला तर ‘अंस’ होतो आणि संस्कृतात अंस म्हणजे खांदा. जन्मनोंदीच्या अर्जावर घाईत लिहिलेलं अक्षर एवढा फरक करू शकतं.

‘ईश’ची पिढी आणि ‘अंश’ची पिढी

रत्नागिरी जिल्ह्यात देवळांच्या नावांतून संधी कानावर पडत राहतात. गुहागरचा व्याडेश्वर, राजापूरचा धूतपापेश्वर, संगमेश्वर तालुक्यातला कर्णेश्वर, समुद्रकाठचा वेळणेश्वर. व्याड अधिक ईश्वर, धूतपाप अधिक ईश्वर: ‘अ’ आणि ‘ई’ एकत्र आले की ‘ए’ होतो. कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव हा द्वंद्व. त्यात कुणी कुणाचा भाग नाही. दोन नावं बरोबरीने शेजारी बसली आहेत. सीताराम, राधाकृष्ण, उमामहेश्वर ही माणसांची नावं याच जातीची. नवराबायकोची नावं एका नावात गुंफण्याची कल्पना देवांच्या बाबतीत तरी आपल्याला मुळीच परकी नव्हती.

हीच ‘ईश’ची जोड विसाव्या शतकात पाळण्यात आली. रमा अधिक ईश रमेश, उमा अधिक ईश उमेश, सुर अधिक ईश सुरेश, दिन अधिक ईश दिनेश. रमेश म्हणजे रमेचा पती, विष्णू. आज हे नाव साधं, घरगुती वाटतं. घडण मात्र तंतोतंत शिवांशासारखी आहे. देवाशी किंवा निसर्गाशी जोडलेलं पहिलं पद आणि त्या काळात आवडीचं झालेलं शेवटचं पद. त्या पिढीचं आवडतं शेपूट ‘ईश’ होतं, ‘इंद्र’ होतं. आताच्या पिढीचं ‘अंश’ आहे. मुलींच्या नावांतही असेच थर दिसतात: हेमलता, पुष्पलता, स्नेहलता, मग जयश्री, राजश्री, भाग्यश्री, मग शुभांगी, हेमांगी, शिवांगी.

या बदलात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘ईश’ म्हणजे स्वामी. ‘इंद्र’ जोडला की श्रेष्ठ, राजा. त्या नावांत धनीपणाची, मोठेपणाची इच्छा होती. ‘अंश’मध्ये मूल कुणाचा तरी भाग आहे, कुठून तरी आलं आहे, ही भावना आहे. दोन मुलांची छोटी कुटुंबं, शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुंबई-पुण्याला विखुरलेली घरं, अशा काळात नात्याचा धागा सांगणारं पद लोकांना आवडावं हे मला अगदी समजण्यासारखं वाटतं.

एकसारखं दिसणारं शेपूट नेहमी एकच असतं असं नाही. रत्नाकर आणि दिवाकर घ्या. रत्नाकर म्हणजे रत्न अधिक आकर. आकर म्हणजे खाण, म्हणून रत्नांची खाण, समुद्र. दिवाकर म्हणजे दिवा अधिक कर. दिवा म्हणजे दिवस, तो करणारा सूर्य. ऐकायला दोन्हींचा शेवट सारखा, पण जोड वेगळ्या जागी आहे. नाव कुठे जोडलं आहे ते कळलं की अर्थ आपोआप हाती येतो.

नाव ठेवता यावं म्हणून व्याकरण

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्य लिहिलं. ग्रंथाच्या आरंभीच तो विचारतो, व्याकरण शिकायचं कशासाठी? जी अनेक प्रयोजनं तो देतो त्यांत एक आहे मुलाचं नाव ठेवणं. जन्मानंतर दहा दिवस उलटल्यावर नाव ठेवावं. ते दोन किंवा चार अक्षरांचं असावं. त्याचा आरंभ ग, द, ब यांसारख्या घोष वर्णाने व्हावा. आत य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ असावा. ते कृदन्त, म्हणजे धातूला प्रत्यय लागून घडलेलं असावं; तद्धितान्त, म्हणजे नामाला प्रत्यय लागून घडलेलं नसावं. कृत् आणि तद्धित प्रत्यय ओळखायला व्याकरण यायलाच हवं, म्हणून व्याकरण शिका. बारसं हे व्याकरणाच्या अभ्यासाचं कारण म्हणून नोंदवलं गेलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पारस्कर गृह्यसूत्रातही जवळजवळ हेच नियम आहेत. मुलीच्या नावासाठी तिथे विषम अक्षरसंख्या आणि ‘आ’कारान्त शेवट सांगितला आहे. नामकरणाचे असे विखुरलेले नियम अभ्यासकांसाठी एकत्र मांडले ते रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतल्या संस्कारांवरच्या भागात नामकरणाची तपशीलवार चर्चा आहे. सूत्राच्या काळापासून पुढच्या ग्रंथांपर्यंत या नियमांमध्ये बरेच मतभेद होते, हेही ती चर्चा वाचताना समजतं.

शिवांश या कसोटीवर घासून पाहू. शि-वां-श, अक्षरं तीन. नियमाला हवीत दोन किंवा चार. पहिला वर्ण ‘श’ अघोष. नियमाला हवा घोष. आत ‘व’ आहे, ही अट पुरी झाली. पण मग टिळकांचं नाव घ्या. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांचं नाव पणजोबांवरून केशव ठेवलं होतं. के-श-व, तीन अक्षरं, पहिला ‘क’ अघोष, आत ‘व’. निकाल शिवांशासारखाच. त्यांच्या वडिलांचं नाव गंगाधर: चार अक्षरं, ‘ग’ घोष, आत ‘र’, शेवटी ‘धर’ हे धातूपासून आलेलं पद. ते सर्व अटींत बसतं. गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते, त्रिकोणमिती आणि व्याकरण या विषयांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. तरीही मुलाचं नाव ठेवताना गृह्यसूत्रातल्या मोजणीपेक्षा पणजोबांची आठवण वरचढ ठरली. शास्त्र सांगणाऱ्या घरांतही जिव्हाळा असा पुढे जात आला आहे.

पुढे केशव मागे पडलं आणि घरात हाक मारायचं ‘बाळ’ हेच नाव जगभर झालं. लांब नाव तोडून लाडकं करण्याची ही सवय पाणिनीनेही नोंदवली आहे. अनेक अक्षरांच्या माणसाच्या नावाला जिव्हाळ्याने प्रत्यय लागतो तेव्हा दुसऱ्या स्वरापुढचा भाग गळतो असं तो सांगतो. देवदत्ताचा देविक, देविय, देविल होतो. जोडनावातलं एक पद सरळ गाळलंही जातं: सत्यभामेची नुसती सत्या किंवा भामा. कोकणातला पांडुरंगाचा पांडू, दत्तात्रेयाचा दत्तू आणि आजच्या शिवांशाचा शिवू, सगळे त्याच वाटेने आले आहेत.

कुणाला कसलं नाव

नावाचा इतिहास सांगताना त्यातला अन्याय वगळणं बरोबर नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंदाव्यंजक असावं असं सांगितलं आहे. म्हणजे हाकेतूनच पायरी दाखवायची. दगडू, धोंडू, कचरू, भिकू अशी नावं गावोगाव होती. त्यांतली काही दृष्ट लागू नये, मूल जगावं म्हणून सर्वच जातींत ठेवली जात. पण चांगल्या अर्थाचं नाव घेण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नव्हता, हेही तितकंच खरं.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड इथे त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. त्यांच्या एका मुलाचं नाव राजरत्न होतं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत जोडनावांचा एक नवा बहर आला: धम्मपाल, धम्मदीप, बुद्धभूषण, प्रज्ञाशील. ही नावं घडवणाऱ्यांनी पालीतला धम्म घेतला, संस्कृतातलं भूषण घेतलं आणि आपल्या मुलांना अशी नावं दिली की हाक मारणाऱ्याच्या तोंडून चांगला शब्दच निघावा. जोडनावाने माणसाला दिलेलं याहून मोठं दान मला माहीत नाही. आज कुठल्याही घरातलं मूल शिवांश, वेदांश किंवा धम्मदीप होऊ शकतं, ते या लढ्यामुळे.

कोकणी मुसलमान घरांत जन्मानंतर सातव्या दिवशी अकीका हा विधी होतो, बाळाचं नाव ठेवलं जातं आणि तिथेही जोडनाव भेटतं. अब्द म्हणजे सेवक, रहमान म्हणजे परम दयाळू. अरबीत मधे ‘अल’ येतो, पण पुढे ‘र’ असला की त्यातला ‘ल’ विरघळून ‘र’ होतो आणि अब्दुर्रहमान तयार होतं. आपल्या संधीसारखाच हा उच्चाराचा नियम. मात्र रहमान हे अल्लाहचं नाव असल्यामुळे जोड तोडून माणसाला नुसतं ‘रहमान’ म्हणू नये असं धर्माचे जाणकार सांगतात. पाणिनीच्या देवदत्ताला जी मुभा होती ती इथे नाही, कारण या नावाचा सगळा अर्थ ‘सेवक’ या पहिल्या पदावर उभा आहे.

आईचं, वडिलांचं, बहिणीचं

जोडनावात देव असतो तशी रक्ताची माणसंही असतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा गौरव कोरून ठेवला आहे. तो मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या मुलाला वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणतात. गौतमी, वासिष्ठी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं. महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या सातवाहनांनी जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी आईचं नाव मुलाच्या नावाला अभिमानाने जोडलं होतं.

वडिलांचं नाव जोडून अजरामर झालेला माणूस रत्नागिरीचाच. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मले. आधुनिक मराठी कवितेला नवं वळण देताना त्यांनी नाव घेतलं केशवसुत, केशवाचा मुलगा. रूढी मोडायला निघालेल्या कवीने सहीत बाप ठेवला. ही रीत पुढे मराठी कवितेत रुजली. राम गणेश गडकरी गोविंदाग्रज झाले, गोविंदाचा थोरला भाऊ. काशिनाथ हरी मोडक माधवानुज झाले, माधवाचा धाकटा भाऊ. विष्णु वामन शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीचं, कुसुमचं नाव घेतलं आणि ते कुसुमाग्रज झाले. मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचं स्मारक उभारलं, त्याचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्याच हस्ते झालं.

सुत, अग्रज, अनुज ही सगळी नात्याची पदं. या कवींनी स्वतःची ओळख आपल्या माणसाच्या नावावर बांधली. आजचे आईवडील आपल्या दोघांची नावं मुलात गुंफतात तेव्हा त्यामागेही हीच ओढ असते.

कधी जोडलं जातं ते आदराचं माणूसही. सुनील गावसकरांनी १९७६ साली जन्मलेल्या मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन हे वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून. जयविश्वमधला ‘जय’ एम. एल. जयसिंहा यांचा आणि ‘विश्व’ गुंडाप्पा विश्वनाथ यांचा. एका बापाने आपल्याला आवडणारे तीन फलंदाज एका नावात बसवले. जयविश्व हा शब्द ऐकायला भारदस्त संस्कृत वाटतो. त्याचा खरा अर्थ मात्र कोशात शोधून मिळणार नाही. तो गावसकरांच्या मनात होता आणि त्यांनी सांगितला म्हणूनच आपल्याला कळला.

दोघांच्या नावांतली अक्षरं

इथून आपण जोडनावाच्या सर्वांत नव्या प्रकाराकडे येतो. आईच्या नावातलं एखादं अक्षर, वडिलांच्या नावातलं एखादं, दोन्ही मिळून मुलाचं नाव. इथे शब्दाला शब्द लागत नाही, शब्दाचा तुकडा तुकड्याला लागतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा समास नव्हे, कारण समासातली पदं स्वतः अर्थपूर्ण असावी लागतात. म्हणूनच जाणती माणसं या नावांवर नाराज असतात.

पण ही कल्पनाही जगाला नवी नाही. इंग्लंडात सुमारे १००८ साली एक मुलगा जन्मला. आईचं नाव वुल्फगिफू, वडिलांचं एथेलस्तान. आईच्या नावाचा पहिला भाग आणि वडिलांच्या नावाचा शेवटचा भाग घेऊन मुलाचं नाव ठेवलं वुल्फस्तान. पुढे तो वूस्टरचा बिशप झाला आणि संत म्हणून मान्यता पावला. वुल्फ म्हणजे लांडगा, स्तान म्हणजे दगड. ‘लांडगा-दगड’ या जोडीला स्वतंत्र अर्थ काय असणार? त्या समाजात तो शोधतही नव्हते. नाव ऐकलं की हे कुणाचं लेकरू ते कळावं, एवढं पुरे होतं.

मराठीत मात्र अक्षरं नीट निवडली तर दोन्ही साधतं. आई नीता, वडील रजत असतील तर ‘नी’ आणि ‘रज’ मिळून नीरज होतो. आणि नीरज हा जुना शब्द आहेच, नीर म्हणजे पाणी, त्यात जन्मलेलं ते कमळ. स्वप्नील आणि राधा यांची स्वरा होते; स्वर कुठल्याही मराठी कानाला परका नाही. विनय आणि नीता यांची विनीता होते, म्हणजे नम्र मुलगी. अशा नावाला दोन अर्थ मिळतात, एक कोशातला आणि एक घरातला.

रियांशचं उदाहरण तर विचार करायला लावणारं आहे. नावांच्या याद्यांत रेयांश, रियांश यांचे ‘सूर्यकिरण’, ‘विष्णूचा अंश’ असे अर्थ दिलेले आढळतात. संस्कृतात ‘रेय’ किंवा ‘रिय’ या शब्दाला सूर्य किंवा विष्णू असा अर्थ नाही, त्यामुळे हे अर्थ टिकत नाहीत. पण आईचं नाव रिया असेल तर? रिया अधिक अंश रियांश, रियाचा अंश. संधी बिनचूक, षष्ठी तत्पुरुष बिनचूक आणि अर्थ तर इतका खरा की त्याहून खरं काही असू शकत नाही. यादीतल्या उसन्या अर्थाने जे नाव पोकळ ठरतं, तेच घरातल्या खऱ्या अर्थाने भरीव होतं.

उसन्या अर्थांपासून जपायला हवं ते याचसाठी. आरव या लाडक्या नावाचा अर्थ ‘शांत’ असा सर्रास दिला जातो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, नाद, ओरडणं. पाळण्यातल्या बाळाला नाद म्हणायला काहीच हरकत नाही, ते सुंदरच आहे. पण ठेवताना ते ठाऊक असावं. अनय हे नावही कानाला गोड लागतं, मात्र ‘अ’ अधिक ‘नय’ असा विग्रह केला तर नीतीचा अभाव असा अर्थ निघतो.

पहिलं अक्षर कोण ठरवतं

पुष्कळ घरांत जोडणीच्या आधी एक अट येते: नावाचं पहिलं अक्षर. पंचांगातल्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, असे १०८ चरण असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर दिलेलं असतं. अश्विनीला चू, चे, चो, ला; रोहिणीला ओ, वा, वी, वू; मघाला मा, मी, मू, मे. आर्द्रेच्या वाट्याला ‘ङ’ येतो, हस्ताला ‘ण’, उत्तराभाद्रपदेला ‘ञ’. या अक्षरांनी मराठीत नाव सुरू होत नाही, म्हणून तिथे जोशीबुवा जुळणारं दुसरं अक्षर सुचवतात. राशीवरून आलेल्या अक्षरापुढे आवडतं शेपूट लावलं की नवं नाव तयार होतं. ‘दे’ आला की देवांश, ‘वे’ आला की वेदांश. ‘अंश’चा प्रसार इतका झाला त्याला हेही एक कारण आहे: ते जवळजवळ कुठल्याही अक्षराशी जुळवून घेतं.

रत्नागिरीत तीस वर्षं नजरकैदेत राहिलेल्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशातही अशीच पद्धत आहे. तिथे नक्षत्राऐवजी जन्मवार पाहतात. परंपरेनुसार सोमवारी जन्मलेल्याचं नाव ‘क’ वर्गातल्या अक्षराने, गुरुवारी जन्मलेल्याचं ‘प’ वर्गातल्या अक्षराने, रविवारी जन्मलेल्याचं स्वराने सुरू होतं. तिथे आडनाव नसतं, अर्थपूर्ण शब्द एकापुढे एक ठेवून पूर्ण नाव होतं. ‘थिबा’ हे तर शान प्रदेशातल्या एका गावाचं नाव; राजपुत्रपणी त्या गावाचा मान मिळाला, त्यावरून तो ओळखला गेला.

नोंद आणि निवड

आता कागदावर या. जन्माची नोंद एकवीस दिवसांत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत करायची असते. त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. त्यामुळे बारशाआधी घाईने अर्ज भरून चुकीचं नाव कायम करण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला असून त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहनपरवान्यापर्यंत जन्मदाखलाच आधार धरला जातो. दाखल्यावरचं अक्षर म्हणूनच पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचं झालं आहे.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी नोंद होते. बलश्रीच्या मुलाला जे मिळालं होतं ते आता मालगुंडच्या, मंडणगडच्या, मिरकरवाड्याच्या प्रत्येक बाळाला मिळतं. आईची आठवण राहावी म्हणून पूर्वी तिचं एक अक्षर मुलाच्या नावात लपवावं लागे. आता तिचं पूर्ण नाव उघडपणे शेजारी आहे.

नाव ठरवणाऱ्या आईवडिलांना, नाव कानात सांगणाऱ्या आत्यांना माझं सांगणं साधं आहे. नाव आवडलं की त्याचा विग्रह करून पाहा. कुठे जोडलं आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मग कोश उघडा. सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत कोश आजही याच कामी येतो. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ, ‘श’ की ‘स’ हे पक्कं करा आणि इंग्रजी अक्षरांत नाव कसं लिहायचं, ‘ए’ एक की दोन, ते दाखल्यापासून पारपत्रापर्यंत एकच ठेवा. नाव तुमच्या दोघांच्या अक्षरांतून घडलं असेल तर त्याला संस्कृत अर्थ चिकटवू नका. ते कुणाकुणाच्या नावांतून आलं, कुणी सुचवलं, का आवडलं, हे बाळाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.

गावसकरांनी सांगितलं नसतं तर जयविश्व हे दोन शब्दांचं कोडं राहिलं असतं. गौतमी बलश्रीने कोरून ठेवलं म्हणून गौतमीपुत्राच्या नावातली आई आज आपल्याला ओळखता येते. कोशातला अर्थ कोश सांभाळतो. घरातला अर्थ सांभाळण्याची जबाबदारी घराचीच आहे, आणि ती नाव ठेवल्याच्या दिवसापासून सुरू होते.